लोखंडाचे गाव आणि हिंसेचा हिशेब



अलीकडे स्थानकात, पेढीवर आणि लग्नकार्यांतही एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानी पडते. घरातील शाळकरी मुले तर सोडाच, पण एमआयडीसीत वडिलांच्या जोडीने कारखाना पाहू लागलेले तरुणही रात्री जागून जपानी ‘कार्टून’ पाहतात. त्यात तलवारी असतात, रक्त असते, ताटात मांसमच्छी असते. एका व्यापारी स्नेह्यांनी मला सरळच विचारले, “साहेब, आपल्या घरात हे चालू द्यावे का?”

प्रश्न रास्त आहे. ‘ताबडतोब बंद करा’ हे त्याचे एक उत्तर, आणि ‘काळ बदलला, चालायचेच’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे न पाहता देता येतात, हाच त्यांचा दोष. निवृत्तीनंतरच्या सवडीत मी या प्रकारातील बरेच काही पाहिले. त्यातील काही मला मनापासून आवडले, काही मध्येच सोडून दिले. आवडण्या-नावडण्याची कारणे शोधू लागलो तेव्हा ती आपल्या श्रावकाचारातच सापडली. ती आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक खुलासा. ‘ॲनिमे’ हा ‘ॲनिमेशन’ या शब्दाचा जपानी संक्षेप होय. ते माध्यमाचे नाव आहे, एका जातीच्या कथेचे नव्हे. किराणा दुकानात गूळही असतो आणि उंदीर मारण्याचे औषधही असते. दोहोंना ‘किराणा’ म्हणून एकच भाव कोणी लावत नाही. शिवाय हा माल आपल्या घरात नवा नाही. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी ‘जंगल बुक’ आठवा. गुलजारांचे गीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानाला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची होती. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरील चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तोही याच जातकुळीचा. तेव्हा पाहावे की पाहू नये हा प्रश्न संपूर्ण माध्यमाबद्दल विचारण्यात अर्थ नाही. तो एकेका प्रकाराबद्दल विचारावा लागेल.

त्यासाठी माप कोणते घ्यावे? आपल्याकडे हिंसेचे चार भेद सांगितले आहेत. केवळ मारण्याच्या हेतूने ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा; स्वयंपाक, झाडलोट आदी गृहकृत्यांत घडते ती आरंभी; उपजीविकेच्या व्यवसायात घडते ती उद्योगी; आणि स्वतःच्या व कुटुंबाच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य आहे. उरलेल्या तीन पूर्णपणे टळत नाहीत, म्हणून तेथे यतना सांगितली: शक्य तितकी कमी, शक्य तितकी जागरूकपणे. परंतु टळत नाही म्हणून ती हिशेबातून वगळली जात नाही. माझे मत असे की, कथेतील आनंदही येथेच ठरतो. जेथे प्रत्येक घावाची नोंद कोठेतरी नावे पडते, ती कथा मनाला गुंतवते. जेथे घाव पडतात आणि वही कोरी राहते, तेथे थोड्याच वेळात कंटाळा येतो. डोळे पाहत असतात, पण मन उठून गेलेले असते.

मुलांचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे लढाईचा; जपानीत त्याला ‘शोनेन’, म्हणजे किशोरांसाठीचा, म्हणतात. ‘ड्रॅगन बॉल झेड’ हे त्याचे जुने उदाहरण. तेथे प्रत्येक शत्रू मागच्याहून बलवान आणि नायकाचे बळ चक्रवाढ व्याजाने वाढणारे. मुद्दल काय होते, हेच शेवटी आठवत नाही. एकेक लढाई अनेक भाग चालते. या पद्धतीत मला फारसा रस वाटला नाही.

परंतु याच प्रकारातील ‘डीमन स्लेयर’ने मला थांबवून ठेवले. त्याचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्या अनेक घरांतील तरुण मंडळी तो पाहण्यास गेली. नायक तांजिरो हा कोळसा विकणारा पोरगा. त्याच्या कुटुंबाची हत्या होते आणि वाचलेली बहीण नेझुको राक्षसी बनते. माणसे खाण्याची भूक तिला लागते, परंतु ती खात नाही. तोंडात बांबूची नळी बांधून ती आपल्या भुकेशी झगडत राहते. व्रत या शब्दाचा याहून सोपा अर्थ एखाद्या बालकाला कसा सांगावा? आणि तांजिरो राक्षसाला मारतो तेव्हा त्या राक्षसाची मानवजन्मातील कथा उलगडते, तो कोणत्या दुःखातून येथवर आला हे कळते, आणि नायकाच्या मनात विजयाऐवजी करुणा दाटते. ही विरोधी हिंसा आहे आणि ती विरोधी हिंसा म्हणूनच दाखवली आहे. रक्तपात भडक आहे, लहानांसाठी तो नाही, हे खरे. तथापि येथे वही लिहिली जाते.

याउलट ज्या मालिकांत क्रौर्य हेच आकर्षण असते, छळाची दृश्ये जवळून आणि चवीने दाखवतात, त्यांची नावे घेऊन मी त्यांची जाहिरात करणार नाही. ती पडद्यावरची संकल्पी हिंसा होय. तिला घरात जागा नसावी, आणि हे सांगताना संकोचही नसावा.

‘इसेकाई’ नावाचा एक प्रकार सध्या तरुणांत फार चालतो. नायक मरतो, अनेकदा ट्रकखाली सापडून, आणि दुसऱ्याच जगात अद्भुत शक्ती घेऊन जन्मतो. पुनर्जन्म आपल्याला नवा नाही. परंतु या पुनर्जन्मात मागील कर्माचा हिशेबच नसतो. जणू कोणी सारी थकबाकी माफ केली आणि वर नवे भांडवलही दिले. अशी न कमावलेली पुंजी घेऊन निघालेला नायक मला कंटाळवाणा वाटतो. दिवसभर उन्हातान्हात उधारी वसूल करून आलेल्या तरुणाला मात्र असे स्वप्न रात्री का गोड वाटते, हे मी समजू शकतो. त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्याचा दिवस कसा गेला हे विचारावे.

खेळांच्या मालिका हा मला सर्वांत निर्मळ वाटलेला प्रकार. याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये बेसबॉलवरील एक कथा अतिशय गाजली होती. तिचे भारतीय रूप ‘सूरज: द रायझिंग स्टार’ या नावाने डिसेंबर २०१२ पासून कलर्स वाहिनीवर दाखवले गेले. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, आणि नायक झाला मुंबईच्या झोपडपट्टीतील सूरज. मूळ कथेत तापट बाप जेवणाचे मेज उलथून टाकतो, हे दृश्य जपानमध्ये प्रसिद्ध आहे. भारतात अन्नाचा असा अवमान खपणार नाही हे ओळखून निर्मात्यांनी त्या मेजावर अन्नाऐवजी केवळ पेये ठेवली. मुलाच्या अंगावर सरावासाठी बांधलेल्या स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या रबरी ट्यूब आल्या. परदेशात माल पाठवताना तेथील माणसाच्या श्रद्धेचा विचार कसा करावा, याचा हा धडा व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

व्हॉलीबॉलवरील ‘हायक्यू’ ही मालिका याहून सरस. तिच्यात हरणाऱ्या संघालाही घर असते, सराव असतो, अश्रू असतात. पलीकडचा प्रतिस्पर्धी शत्रू नव्हे. त्याच्यामुळेच आपला खेळ वाढतो. बाजारपेठेत समोरच्या दुकानदाराकडे या नजरेने पाहता आले, तर आपली कितीतरी अबोली भांडणे मिटतील.

आपल्या वाचकांना व्यवसाय म्हणून जवळची वाटेल अशी मालिका म्हणजे ‘स्पाइस अँड वुल्फ’. ती प्रथम २००८ मध्ये आली आणि २०२४ मध्ये नव्याने निघाली. लॉरेन्स नावाचा फिरता व्यापारी आणि त्याच्या गाडीत येऊन बसलेली, वृकरूप घेणारी एक देवता, एवढीच मुख्य पात्रे. तलवारबाजी जवळजवळ नाही. सारी रंगत आहे ती भाव, उधारी, पत आणि नाण्यातील चांदीचे प्रमाण यांची. एके ठिकाणी मिरीचा व्यापारी तराजूत लबाडी करतो आणि ती देवता ते उघडकीस आणते. कूट तुला, कूट मान हे तर आपल्या तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार! पण खरी गंमत पुढे आहे. लॉरेन्स त्या लबाडीचा बोभाटा न करता तिचा दबाव म्हणून वापर करतो आणि ऐपतीबाहेरची चिलखते उधारीवर मिळवतो. पुढच्या गावी जातो तो चिलखतांचा भाव कोसळलेला, आणि तो कर्जात बुडतो. लबाडी दुसऱ्याची होती, परंतु लोभ याचा होता. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही कथा का आवडावी, हे वेगळे सांगावयास नको. खाण्यापिण्याचे प्रसंग आपल्या आचाराचे नाहीत, हे ध्यानात ठेवून मोठ्या मुलांनी ती अवश्य पाहावी.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेखप्रपंच केला, त्याकडे वळतो. हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ चा चित्रपट. निसर्ग आणि माणूस यांच्या संघर्षावरील अद्भुतकथा असा त्याचा प्रकार सांगता येईल. त्यात एक गाव आहे, लोखंडाचे गाव. डोंगरातील लोहयुक्त वाळू आणायची, जंगल तोडून कोळसा करायचा, भट्टी पेटवायची आणि लोखंड काढायचे. भात्यावर स्त्रिया उभ्या असतात, आणि त्यांची एक पाळी चार दिवस नि पाच रात्री चालते. हे दृश्य जालन्याच्या माणसाला परके वाटणे शक्यच नाही. आपल्या एमआयडीसीत भंगार वितळते, सुमारे सोळाशे अंश तापमानाला त्याचा रस होतो, त्याचे बिलेट पडतात, आणि रोलिंग मिलमधून सळई निघते. ती सळई दूरदूरच्या घरांच्या स्लॅबमध्ये जाते. गावाबाहेरून रात्री येताना भट्टीचा तांबूस उजेड दिसतो आणि सकाळी गच्चीवर काजळी.

त्या चित्रपटातील गावाची प्रमुख एबोशी नावाची स्त्री आहे. ती जंगल तोडते, बंदुका घडवते, वनदेवतांवर गोळ्या झाडते. सामान्य कथाकाराने तिला राक्षसीण केली असती. मियाझाकी तसे करत नाहीत. वेश्यागृहांत विकल्या गेलेल्या स्त्रियांना सोडवून तिने काम आणि मान दिला आहे. कुष्ठरोग्यांना, ज्यांना जगाने हाकलले, तिने आपल्या आवारात आसरा दिला आहे आणि त्यांच्या जखमा ती स्वतः हाताळते. तिची भट्टी विझली तर ही माणसे कोठे जातील? आपल्या कारखान्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारातून आलेले हजारो हात राबतात. त्यांच्या गावी चूल पेटते ती येथल्या भट्टीवर. एबोशीचा पक्ष आपल्याला चांगलाच समजतो.

परंतु दुसरा पक्षही तितकाच खरा आहे. चित्रपटाच्या आरंभी एक विशाल रानडुक्कर, जो मुळात वनदेव आहे, वेदनेने पिसाळून एका दूरच्या खेड्यावर धावून येतो. आशिताका हा तरुण प्रथम त्याला हात जोडून विनवतो. तो ऐकत नाही, तेव्हा खेड्याच्या रक्षणासाठी बाण सोडतो. विरोधी हिंसा याहून स्वच्छ असू शकत नाही. तरीही मरणाऱ्या प्राण्याच्या स्पर्शाने त्याच्या हातावर एक काळा डाग उमटतो, जो हळूहळू त्याचा प्राण घेणार आहे. हेतू शुद्ध होता, तरी कृतीची नोंद झालीच. पुढे त्याला क्रोध आला की त्या हातात अचाट बळ येते आणि डागही पसरतो. क्रोध या कषायाचे असे चित्र मी अन्यत्र पाहिलेले नाही: तो बळ देतो आणि त्याच वेळी आयुष्य खातो.

आणि त्या डुकराच्या देहात काय सापडते? लोखंडाची एक गोळी. दूरच्या त्या भट्टीत तयार झालेली. ज्यांनी ती ओतली, त्यांनी हे खेडे कधी पाहिलेही नव्हते. आपल्या मालाचा आणि आपल्या धुराचा प्रवास आपल्या गेटपासच्या पुढे किती लांब जातो, हे त्या एका गोळीने सांगितले आहे. मी बँकेत असताना कारखान्यांचे कर्जप्रस्ताव वाचत असे. त्यात विजेचा भार, भंगाराचा भाव, सळईची मागणी, तारण, जामीनदार, सारे असे. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची प्रतही जोडलेली असे. परंतु धुराची किंमत मांडण्यास ताळेबंदात रकाना नव्हता. तो रकाना हा चित्रपट काढून दाखवतो.

आपल्या परंपरेने तो फार पूर्वीच काढला होता. उपासकदशांगात श्रावकासाठी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे ज्या व्यवसायांत कर्मबंध मोठा होतो असे व्यवसाय. त्यांत पहिले अंगारकर्म, अग्नीच्या भट्ट्यांचे. दुसरे वनकर्म, जंगलतोडीचे. एबोशी नेमकी हीच दोन करते. प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या वेळी आपण ही नावे दरवेळी उच्चारतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवतो. हा विरोधाभास मी कोणाला हिणवण्यासाठी मांडत नाही. ज्या कारखान्यांनी शेकडो घरे उभी केली, पांजरपोळ आणि दवाखाने चालवले, त्यांना एका शब्दात पापी ठरवणे ही एकान्त दृष्टी होईल. परंतु ‘आम्ही रोजगार देतो, मग धुराचे काय विचारता?’ हीसुद्धा एकान्त दृष्टीच आहे.

अनेकान्ताचा अर्थ ‘सगळेच आपापल्या जागी बरोबर’ असा सोयीचा लावला जातो. चित्रपट त्या पळवाटेने जात नाही. आशिताका दोन्ही बाजूंचे ऐकतो, दोन्हींकडचे जखमी उचलतो, आणि द्वेषरहित नजरेने पाहण्याचा आपला नेम सोडत नाही. तरीही हिशेब प्रत्येकाचा होतो. एबोशी आपला एक हात गमावते, तिचे गाव भस्मसात होते, आणि वनातील प्राचीन देवही पूर्वीच्या रूपात उरत नाही. अखेरीस ती सुडाचे नाव घेत नाही. नव्याने, अधिक चांगले गाव उभारू असे म्हणते. आशिताका त्या गावातच राहून काम करायचे ठरवतो, आणि लांडग्यांनी वाढवलेली सान वनात परतते. तो तिला भेटायला जात राहणार आहे. कोणी जिंकले नाही, परंतु गाव आणि वन यांच्यातील वाट उघडी राहिली.

हाच या चित्रपटाचा आनंद आहे, आणि माझ्या मते या साऱ्या माध्यमाच्या उत्तम भागाचाही. शत्रू संपवण्याचे सुख क्षणभर टिकते. समोरच्याचीही बाजू कळते तेव्हा मिळणारे समाधान दुसऱ्या दिवशी भट्टीवर उभे असतानाही सोबत राहते.

तेव्हा माझ्या त्या स्नेह्यांना आणि आपणा सर्वांना माझे उत्तर असे. लहान मुलांसाठी निवड आपण करावी. ‘मोनोनोके’तही हात-मुंडकी तुटण्याची दृश्ये आहेत, ती बालकांसाठी नाहीत. मोठ्या मुलांना मात्र बंदी घालू नये. त्यांच्यासोबत एकदा बसावे आणि नंतर तीन प्रश्न विचारावेत: यातील हिंसा चारपैकी कोणती? तिची नोंद कोणाच्या खाती पडली? आणि पराभूताची बाजू कथेने सांगितली का? ज्या मालिकेत या प्रश्नांना उत्तरे नाहीत, ती मुले पुढे आपणहून सोडतील, असा मला विश्वास आहे.

ज्यांच्या घरचा तरुण येत्या काही वर्षांत कारखान्याची किल्ली हाती घेणार आहे, त्यांनी ‘प्रिन्सेस मोनोनोके’ त्याच्यासोबत जरूर पाहावा. संपल्यावर त्याला चौथा प्रश्नही विचारावा: आपल्या भट्टीतून निघालेली ती गोळी कोठवर जाते? त्याने धूर खेचणाऱ्या आणि गाळणाऱ्या यंत्रणेचा खर्च काढायला घेतला, गेटबाहेर कडुनिंबाची रांग लावायचे म्हटले, किंवा भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या हातमोज्यांची आणि चष्म्याची चौकशी केली, तर वडीलधाऱ्यांनी तो खर्च ‘अनुत्पादक’ म्हणून खोडू नये. उद्योगी हिंसेत सांगितलेली यतना ती हीच.